उसाच्या चिपाडातून वीज, मळीतून पेट्रोल: सोलापूरच्या कारखान्यांत नेमकं होतं काय?

पंपावर आता बहुतेक ठिकाणी ई२० पेट्रोल मिळतं. म्हणजे तुम्ही बाइकमध्ये पाच लिटर पेट्रोल भरलं, तर त्यातलं साधारण एक लिटर इथेनॉल असतं. हे इथेनॉल जमिनीखालून आलेलं नाही, शेतातून आलंय. उसातून, मक्यातून किंवा तांदळातून. यूट्यूबवर याबद्दल दोनच प्रकारचे व्हिडिओ सापडतात. एकात इथेनॉल तुमच्या गाडीचं इंजिन खाऊन टाकतं, दुसऱ्यात भारत तेलाच्या आयातीतून कायमचा सुटतो. मधलं कुणी सांगत नाही, आणि खरी गंमत मध्येच आहे.

ती समजून घ्यायला सोलापूरएवढी चांगली जागा नाही. जिल्ह्यात तिसाहून जास्त साखर कारखाने आहेत, महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात एवढे नाहीत. ऑक्टोबर आला की चौकाचौकात बॉयलर अग्निप्रदीपनाचे बॅनर लागतात, मग गव्हाणीत मोळी टाकली जाते आणि पुढचे तीन-चार महिने रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. आपण याला साखरेचा हंगाम म्हणतो. पण कारखान्याच्या हिशोबात साखर ही आता अनेक मालांपैकी एक आहे. त्याच उसातून वीज, इंधन, गॅस, खत आणि रसायनं निघतात. वनस्पतीच्या अशा सगळ्या मालाला बायोमास म्हणतात. लाकूड, कडबा, तुराट्या, शेण, उसाचं चिपाड, सगळं त्यात आलं.

बायोमासबद्दल वाचताना मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. माल एका जागी गोळा झालेला आहे का? पुरेसा कोरडा आहे का? आणि त्यावर आधीच दुसऱ्या कुणाचा हक्क आहे का? प्रयोगशाळेत भन्नाट वाटणाऱ्या कितीतरी कल्पना या तीन प्रश्नांपाशी येऊन अडकतात. साखर कारखाना पहिल्या प्रश्नात पास झालेला आहे, कारण साखरेसाठी का होईना, शेतकरी हजारो टन बायोमास स्वतः तोडून गेटवर आणून देतो.

एका टन उसाचं काय होतं

ऊस गिरणीतून पिळून निघाला की राहतो तो भुसा, म्हणजे बगॅस. रसवंतीवाल्याच्या बाजूला चिपाडांचा ढीग असतो ना, तेच, फक्त बारीक केलेलं. एका टन उसामागे २८० ते ३०० किलो बगॅस निघतो आणि त्यात जवळपास निम्मं पाणी असतं. एवढा ओला असूनही तो जळतो, हेच नवल. किलोमागे साधारण २,२०० ते २,३०० किलोकॅलरी उष्णता मिळते. आपल्याकडच्या दगडी कोळशाला ३,५०० ते ४,०००च्या आसपास मिळते, म्हणजे हा कोळशाच्या निम्म्याहून थोडा वर.

कारखाने बगॅस पहिल्यापासूनच जाळत आले आहेत. पण जुने बॉयलर मुद्दाम निकृष्ट होते, असं म्हटलं तरी चालेल. कारखान्याला रस आटवायला वाफ हवी असायची आणि उरलेल्या बगॅसची विल्हेवाट ही डोकेदुखी होती. जास्त कार्यक्षम बॉयलर बसवला तर बगॅस उरणार, मग तो ठेवायचा कुठे? म्हणून २१ किंवा ३२ किलोच्या कमी दाबावर वाफ करायची आणि भुसा संपवायचा. वीज मंडळाला विकता येऊ लागली तेव्हा गणित उलटलं. मग ६७, ८७, अगदी ११० किलो दाबाचे बॉयलर आले.

यालाच सहवीजनिर्मिती, बोलीत को-जन म्हणतात. वाफ आधी जास्त दाबानं टर्बाइन फिरवते, वीज तयार होते. टर्बाइनमधून बाहेर पडलेली कमी दाबाची वाफ फेकून न देता तिच्यावरच रस आटवतात. साध्या औष्णिक केंद्रात ही उरलेली उष्णता कूलिंग टॉवरमधून हवेत जाते, इथे तिचं काम ठरलेलं असतं. एका टन उसामागे चांगल्या को-जनमध्ये शंभरेक युनिट वीज निघते. कारखाना स्वतःला लागेल तेवढी वापरतो आणि उरलेली ग्रिडला देतो. शंभर युनिट म्हणजे किती? पाच हजार एमएएचची बॅटरी, चार्जरमधला तोटा धरून, सुमारे चार हजार वेळा फुल चार्ज. एका टन उसाच्या चोथ्यातून!

सोलापूरकरांना को-जन म्हटलं की एक चिमणी आठवते. कुमठ्याच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या को-जन प्रकल्पाची चिमणी सुमारे ९० मीटर उंच होती आणि होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या हवाई मार्गात येत होती. वाद कित्येक वर्षं चालला. एका बाजूला शहराला विमान हवं, दुसऱ्या बाजूला हजारो ऊस उत्पादक सभासदांचा कारखाना. शेवटी १५ जून २०२३ रोजी नियंत्रित स्फोट करून ती पाडली. व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, काही सेकंदांत सगळं खाली. त्यानंतर ९ जून २०२५ला सोलापूर-गोवा विमान सुरू झालं. कोण बरोबर, कोण चूक यात मी शिरत नाही. पण हरित ऊर्जा म्हणजे नुसता चार्ट नसतो, तिला जमीन लागते, उंची लागते आणि शेजारी लागतात, हे त्या एका चिमणीनं शिकवलं. चिमणी एवढी उंच का, तर बगॅसच्या धुरात राख भरपूर असते. ती खालीच सोडली तर आजूबाजूच्या घरांवर बसते.

मळी, पण कोणती मळी?

इथे एक शब्दाचा घोळ आधीच सोडवू. गावाकडे "मळीची ट्रॉली टाकली" म्हणतात तेव्हा ती मळी म्हणजे प्रेसमड, रस गाळल्यावर उरलेला काळा गाळ, शेतात खत म्हणून जाणारा. सरकारी कागदात मळी म्हणजे मोलॅसिस, साखर काढल्यावर उरलेला काळा चिकट पाक. आणि ओढ्यात "मळीचं पाणी सोडलं" अशी बातमी येते तेव्हा ते डिस्टिलरीचं सांडपाणी असतं. तिन्ही वेगळे. तिन्ही उसातलेच.

प्रेसमड टनामागे ३५ ते ४० किलो निघतो. हवाबंद टाकीत कुजवला तर त्यातून मिथेन मिळतो. तो शुद्ध करून दाबानं भरला की सीएनजीचीच भावकी, कॉम्प्रेस्ड बायोगॅस. एक टन प्रेसमडमधून साधारण ४० किलो गॅस येतो. अडचण साठवणीची आहे. प्रेसमड उघड्यावर पडून राहिला की स्वतःच कुजतो आणि गॅस हवेत जातो, मात्र प्लांट वर्षभर चालवायचा तर माल साठवावाच लागतो. गॅस काढल्यावर राहिलेला गाळ खत म्हणून चालतो, त्यामुळे शेतकऱ्याचा हक्क बुडत नाही. मला हा प्रकार सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

इथेनॉल मात्र मोलॅसिसमधून. साखरेचे दाणे पाडताना तीन फेऱ्या होतात. तिसऱ्या फेरीनंतरचं मोलॅसिस म्हणजे सी-हेवी. त्यातली परवडेल तेवढी साखर काढून झालेली असते. दुसऱ्या फेरीनंतरच थांबलात तर बी-हेवी, त्यात साखर जास्त. आणि साखर करायचीच नाही असं ठरवलं तर थेट उसाचा रस किंवा पाक. एक टन उसामागे सी-हेवीतून १० ते ११ लिटर, बी-हेवीतून वीसेक लिटर आणि थेट रसातून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळतं. पहिल्या दोन मार्गांत सोबत साखरही मिळते, तिसऱ्यात नाही.

पुढचं काम यीस्टचं. पावात असतं तेच यीस्ट. ते साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. कागदावर १८० ग्रॅम ग्लुकोजमधून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम इथेनॉल मिळतं. उरलेलं ८८ ग्रॅम वायू होऊन जातं, आणि हा वायू शुद्ध असल्यानं गोळा करून कोल्ड्रिंकवाल्यांनाही विकता येतो. द्रावणात अल्कोहोल १०-१२ टक्क्यांवर गेलं की यीस्ट स्वतःच्याच मालात गुदमरतं. मग ऊर्ध्वपातन. तेही ९५-९६ टक्क्यांवर अडतं, कारण तिथून पुढे पाणी आणि अल्कोहोल एकाच प्रमाणात उकळून जातात. शेवटचे चार टक्के पाणी काढायला बारीक छिद्रांची चाळणी लागते, मॉलिक्युलर सीव्ह. पाण्याचा रेणू छिद्रात अडकतो, इथेनॉलचा मोठा असल्यानं बाहेरून निघून जातो. एवढा खटाटोप का? कारण पेट्रोलमध्ये पाणी जास्त झालं तर इथेनॉल पाण्याच्या बाजूनं जातं आणि टाकीच्या तळाशी वेगळा थर बसतो.

आता मायलेज. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे ई२०मध्ये साध्या पेट्रोलपेक्षा अंदाजे सात टक्के कमी. हे भौतिकशास्त्र आहे, कुणाच्या मताचा प्रश्न नाही. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट अंदाजली आहे. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्यानं त्यासाठीच बनवलेलं इंजिन यातलं थोडं भरून काढतं. त्यामुळे "मायलेज अर्धं झालं" म्हणणारा व्हिडिओ आणि "काहीच फरक नाही" म्हणणारा व्हिडिओ, दोन्ही पुढे ढकला. एप्रिल २०२३च्या आधीची गाडी असेल तर मॅन्युअल उघडून रबराच्या नळ्या आणि सील ई२०ला चालतात का ते बघा, एवढं पुरे.

कडब्याला कुलूप आहे

लगेच डोक्यात येतं की साखरेतून कशाला, शेतातल्या काडीकचऱ्यातूनच इथेनॉल करा. कागदावर बरोबर आहे. कोरड्या बगॅसमध्ये किंवा कडब्यात ४० टक्क्यांच्या आसपास सेल्युलोज असतं, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच माळ. ज्वारीच्या दाण्यातलं स्टार्चही ग्लुकोजचीच माळ. फरक फक्त मणी एकमेकांना कसे जोडलेत यात आहे. स्टार्चचा जोड आपल्या लाळेनंसुद्धा तुटतो. सेल्युलोजच्या माळा सरळ, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, त्यावर हेमिसेल्युलोजचं जाळं आणि सगळ्यावर लिग्निनचं प्लास्टर. झाड उभं राहावं आणि कुणी सहज खाऊ नये, यासाठीच निसर्गानं केलेली ही सोय. आमच्या भाषेत सांगायचं तर स्टार्च ही साधी झिप फाइल आणि सेल्युलोज पासवर्ड लावलेली. आत डेटा तोच.

पासवर्ड तोडता येतो. आधी आम्ल आणि वाफेनं लिग्निन सैल करायचं, मग एन्झाइम सोडायचे. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा असा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी देशाला अर्पण झाला. भाताचा दोन लाख टन पेंढा आणि त्यातून वर्षाला तीन कोटी लिटर इथेनॉल, असं त्याचं गणित. खर्च ९०० कोटींच्या वर. साध्या डिस्टिलरीपेक्षा हे कितीतरी महाग प्रकरण आहे. तिथे निदान पेंढा शेतात जाळला जातो, त्यावर फारसा कुणाचा हक्क नाही.

सोलापुरात तसं नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचा कडबा हा कचरा कधीच नव्हता, ती जनावरांची वर्षाची बेगमी आहे. दुष्काळात कडब्याच्या पेंडीला दाण्याइतकंच मोल येतं. उसाचे वाढे गुरांना जातात. पाचट शेतात कुजवलं तर जमिनीला मिळतं आणि ओल टिकते. सरसकट "शेतीतला टाकाऊ माल" असं लिहिणाऱ्याला विचारा, कुणाच्या गोठ्यातला?

तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या यांना मागणी त्या मानानं कमी आहे. बांधावर पेटवल्या जातात. त्यांच्या दाबून गोळ्या करून कोळशात मिसळता येतात, आणि कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांनी ठरावीक टक्के पेलेट जाळावेत असं केंद्राचं धोरणही आहे. सुरुवात ५ टक्क्यांपासून. सोलापूरजवळ एनटीपीसीचं १,३२० मेगावॉटचं केंद्र आहे. ते पूर्ण क्षमतेनं चाललं तर माझ्या हिशोबानं दिवसाला वीसेक हजार टन कोळसा लागेल. त्याचे ५ टक्के म्हणजे रोज हजार टन गोळ्या. आता विचार करा, दोन-तीन एकरांच्या तुकड्यांतून, पंधरा-वीस दिवसांत, रब्बीची घाई चालू असताना, या तुराट्या कोण गोळा करणार? सुट्या काड्यांनी ट्रक भरला तरी वजन होत नाही, निम्मं भाडं हवेचंच. इथे तंत्रज्ञान अडलेलं नाही, वाहतूक अडली आहे. शेतकरी उत्पादक कंपनीनं तालुक्यालाच गोळ्यांचं मशीन बसवलं तर काही जमू शकेल. शंभर किलोमीटर सुट्या काड्या नेणं कधीच परवडणार नाही.

वीज सूर्याकडून घ्या, कार्बन झाडाकडून

माझं स्वतःचं मत असं की बायोमासचा सगळ्यात चांगला उपयोग वीज नाहीच. बगॅसची वीज चांगली आहे, कारण तो आधीच कारखान्यात पडलेला असतो आणि रात्रीही जळतो. पण विजेसाठी म्हणून वेगळं पीक घ्यायला मी कुणाला सांगणार नाही. सोलापुरात ऊन कमी आहे का? झाड उन्हातली एक टक्क्याच्या आसपास ऊर्जा साठवतं, सोलर पॅनल वीस टक्क्यांपर्यंत घेतं. विजेच्या शर्यतीत झाड हरणारच.

पॅनल एक गोष्ट मात्र देऊ शकत नाही, ती म्हणजे कार्बन. औषधं, रंग, प्लास्टिक, पॉलिस्टर, विमानाचं इंधन, सगळ्यांचा सांगाडा कार्बनचा. तो आज जमिनीखालच्या तेलातून येतो. झाड मात्र तो हवेतून घेतं. कोपरगावजवळ साकरवाडीला सोमय्यांचा गोदावरी बायोरिफायनरीजचा कारखाना अल्कोहोलपासून इथाइल अ‍ॅसिटेट बनवतो. नेलपॉलिश आणि शाईतला तो ओळखीचा वास. उत्तराखंडात काशीपूरला इंडिया ग्लायकॉल्स इथेनॉलपासून ग्लायकॉल बनवते, आणि ग्लायकॉलपासून पॉलिस्टर होतं. म्हणजे उसापासून टी-शर्ट, शब्दशः. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं २०२४मध्ये जेजुरीला बायोप्लास्टिकचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू केलं. हे अगदीच नवं आहे असंही नाही. आपल्याकडे १९४८मध्येच पॉवर अल्कोहोल कायदा झाला होता आणि साठच्या दशकात बरेलीला अल्कोहोलपासून कृत्रिम रबर बनत होतं. पुढे पेट्रोकेमिकल स्वस्त झाले आणि हा रस्ता मागे पडला.

विमानाचंही तसंच. बॅटरीवर मोठं विमान दूर जात नाही, त्याला द्रव इंधनच लागतं. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला एक प्रवासी विमान गेलं, त्याच्या इंधनात प्राज आणि इंडियन ऑइलनं मिळून केलेलं जैवइंधन थोड्या प्रमाणात होतं. देशातली तशी पहिली प्रवासी फेरी. महिन्याभरानं सोलापुरात विमानासाठी को-जनची चिमणी पडली. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७मध्ये १ टक्का आणि २०३०पर्यंत ५ टक्के असं मिश्रणाचं उद्दिष्ट केंद्रानं ठेवलंय. म्हणजे उद्या याच विमानांना उसाचं इंधन लागणार आहे.

आणि पाणी?

इथपर्यंत वाचून ऊस म्हणजे कामधेनू वाटेल. पण सोलापुरात वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उसाला दीड-दोन हजार मिलिमीटर, कधी त्याहून जास्त पाणी लागतं. मधली तफावत उजनी भागवते, कालव्यातून आणि उपशातून. उजनी किती भरली हे आपल्याकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखं बघतात, आणि २०२४च्या उन्हाळ्यात हा स्कोअर वजा ५०च्याही खाली गेला होता. वजा म्हणजे मृतसाठ्यातलं पाणी. शहराला नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी येतं तेही याच धरणातून.

नीती आयोगाच्याच त्या अहवालात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी धरलेलं आहे. सुरुवातीचे पाच लिटर ई२० आठवा. त्यातलं इथेनॉल थेट रसातलं असेल, तर दोनशे लिटरची चौदा पिंपं पाणी त्यामागे गेलं. सी-हेवीचं असेल तर हिशोब बदलतो. ऊस साखरेसाठी पिकलाच होता, पाणी साखरेच्या खात्यावर पडलं होतं, इथेनॉल उरलेल्यातून आलं. मक्याचं किंवा तांदळाचं असेल तर आणखी वेगळा हिशोब. देशातलं निम्म्याहून जास्त इथेनॉल आता धान्यातूनच येतं.

पाऊस नसला की ही साखळी किती पटकन अडते तेही आपण बघितलंय. २०२३चा पावसाळा हुकला, साखर कमी पडेल अशी भीती निर्माण झाली आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. आठवड्याभरात ती थोडी सैल केली, पुढच्या ऑगस्टमध्ये उठवली. दरम्यान कर्ज काढून डिस्टिलरी वाढवलेल्या कारखान्यांचा हंगाम गेला. उसाचं बिल त्याच पैशातून निघतं, त्यामुळे हा हिशोब शेवटी शेतकऱ्याच्या बँक पासबुकापर्यंत पोचतो.

या इथेनॉलचे सरकारनं जानेवारी २०२५मध्ये जाहीर केलेले आणि आधीपासून असलेले दर एकदा शेजारी ठेवून बघा. सी-हेवी मोलॅसिसच्या इथेनॉलला लिटरमागे ५७ रुपये ९७ पैसे, बी-हेवीला ६० रुपये ७३ पैसे आणि थेट रसाच्या इथेनॉलला ६५ रुपये ६१ पैसे. किती साखर सोडून द्यावी लागली, यावर हे दर चढत जातात. पाण्याचा रकाना त्यात नाही.